वर्षाराणीनं सोडलेलं विमान

शिवाजी पेठेत, तालमीमागच्या घराच्या माडीवर, वर्षाराणी वैमानिक होऊ घातलेल्या पोरांना नकाशे वाचायला शिकवायची. ढगांमुळं धावपट्टी दिसत नसताना विमान कसं खाली आणायचं, ते सांगणारे नकाशे. कुठं वळायचं, कुठल्या टप्प्यावर किती उंची ठेवायची, आणि शेवटचा आकडा: तिथवर येऊनही धावपट्टी दिसली नाही, तर मुकाट्यानं वर निघायचं. हा आकडा ती पोरांकडून घोकून घ्यायची.

ती स्वतः शिकत होती तेव्हा तिलाही तो पाठ होता. पावसाळ्यातल्या एका सकाळी विमान त्या उंचीवर आलं आणि समोर नुसता पांढरा ढग. वर निघायचं हे कळत होतं, पण हात हलेनात. शेवटी शेजारच्या प्रशिक्षकांनी विमान ताब्यात घेऊन वर नेलं. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "होतं असं. उद्या परत जाऊ."

ती उद्या गेली नाही. पुढं उडायला गेली तीही फक्त लख्ख उन्हात. तेवढ्यात लग्न ठरलं, आणि वर्षभरात लेक झाली, तेजस्वी.

पोरगी चालायला लागल्यावर सासू तानाबाई आपणहून म्हणाल्या, "मी हाय की पोरीला. तू जा, शिक्षण पुरं कर."

"एवढ्या लेकराला टाकून न्हाय जमायचं, आत्याबाई."

भावकीत तिचं नाव झालं. पोरीसाठी विमान सोडलं, म्हणाले. तिनं ते खोडलं नाही, आणि पुढं खोडायची सोयही राहिली नाही.

परवा क्लासमधल्या यशराजनं विचारलं, "मॅडम, तुम्ही का सोडलं वो?"

"पोरगी लहान होती," ती सवयीनं म्हणाली.

चौथीतली तेजस्वी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तांब्या ठेवून ती निघून गेली. क्लास सुटल्यावर वर्षाराणीला ती जिन्यात बसलेली दिसली.

"माझ्यामुळं सोडलंस व्हय, आई?"

"न्हाय गं. तुझ्यामुळं न्हाय."

"मग कशामुळं?"

वर्षाराणी तिच्याशेजारी बसली. त्या ढगातल्या सकाळचं सगळं ओठावर आलं. पण खाली भाजी निवडत बसलेल्या तानाबाईंचा हात थांबला होता; त्या ऐकत होत्या.

"सांगीन कधीतरी."

तेजस्वीनं थोडी वाट बघितली, मग उठून खाली गेली. त्या रात्री ती आईशेजारी न बसता आजीला चिकटून जेवायला बसली.