शेवाळाच्या तेलाचा वास

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता आमच्या कारखान्याचा मालक पाहुण्यांना तेल काढायची एक पद्धत स्वतःची म्हणून दाखवतो असं कळलं. ते श्रेय त्याला सुखाने पचू द्यायचं नाही, म्हणून लिहितो आहे.

रेवदंड्याच्या पुढे आमचा छोटा कारखाना होता. तलावात सूक्ष्म शेवाळ वाढवायचं, वाळवायचं आणि हेक्झेनने त्यातली मेदाम्लं, म्हणजे तेलच, काढायची. हेक्झेन पेट्रोलच्या जातीचं. संध्याकाळपर्यंत डोकं जड व्हायचं. ते काम माझं. मग एक मुलगी आली, गावातल्याच कोळ्यांची, शिकलेली. तिने ओल्या लगद्यातूनच अल्कोहोलने तेल काढून दाखवलं. वाळवण्याची वीज वाचली, हेक्झेनही गेलं.

"काका, आता काकू विचारतील, रोज पेट्रोलचा वास यायचा, आज दारूचा कसा?" ती सगळ्यांसमोर म्हणाली. सगळे हसले, मालक सर्वांत जास्त. तिने थट्टाच केली होती. मी मात्र तिला खाली बघायला लावायचं ठरवलं.

खरेदीदार येणार होता. त्याला तेल पसंत पडलं नाही तर पद्धतही बंद आणि तिची नोकरीही, असं मालकाने सांगून ठेवलं होतं. ती लग्नासाठी दोन दिवस म्हसळ्याला गेली, तेव्हा तिचा लगद्याचा डबा मी फ्रिजमधून काढून गच्चीवर उन्हात ठेवला. दोन्ही दिवस. ती यायच्या आत परत जागेवर. अशा लगद्याचं तेल खवट निघतं, त्याला सुक्या मासळीचा वास येतो. तिने ते काढलं, नाकाजवळ धरलं, आणि तिला काहीच वावगं वाटलं नाही. माझी भिस्त त्यावरच होती.

खरेदीदाराने बाटली उघडली आणि तोंड फिरवलं.

"हिला कसा कळणार वास?" मी म्हणालो. "हिचं बालपण वाळत घातलेल्या बोंबलांखाली गेलंय."

पुन्हा सगळे हसले. ती बाटलीचं झाकण लावत राहिली. ते नीट बसत नव्हतं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

तिची नोकरी गेली. काही महिन्यांतच मालकाने तिचीच पद्धत गुपचूप सुरू केली. ताज्या लगद्याचं तेल उत्तम निघालं.

परवा अलिबागच्या एसटी स्टँडवर तिनेच मला हाक मारली.

"काका, ओळखलंत ना? माझं तेल का बिघडलं, ते मला अजून कळलं नाही बघा. परत त्या कामाच्या वाटेलाच गेले नाही."

तिची गाडी लागली.

"चढ लवकर, जागा मिळणार नाही," मी म्हणालो.

ती खिडकीशी बसली. डबा मी उन्हात ठेवला होता, तुझं काही चुकलं नव्हतं, मला माफ कर. एवढं म्हणायला गाडी सुटेपर्यंत पुष्कळ वेळ होता.