वाळायला ठेवलेली फौज

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार सारंगचाचांचे आहेत. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याशी कसा वागलो ते येणार आहे.

सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. चाचांनी तीस वर्षे ते काम केले आणि मग पनवेलच्या मोहल्ल्यातल्या आपल्या घरी येऊन राहिले. माझे वडील भाताच्या गिरणीत हमाल होते. एका रविवारी त्यांनी मला तांदळाची पिशवी घेऊन चाचांकडे पाठवले. तेव्हा मी नववीत होतो.

दार उघडेच होते. आत एका मोठ्या टेबलावर हिरवी चादर अंथरली होती आणि तिच्याखाली काहीतरी ठेवून टेकड्या केल्या होत्या. त्या टेकड्यांवर बोटाएवढे शिशाचे शिपाई उभे होते. इकडे लाल डगल्यांचे, तिकडे निळ्या. पांढऱ्या दाढीचा एक माणूस टेबलाला गाल टेकवून, एक डोळा मिटून, काडेपेटीएवढ्या तोफेमागून माझ्याकडे बघत होता.

"हलू नको," तो म्हणाला. "तोफेच्या तोंडासमोर हायस तू."

मी हललो नाही. तोफेतून आगकाडीचा तुकडा सुटला आणि माझ्या सदऱ्याच्या बटणावर टचकन बसला.

"मेलास. आता पिशवी ठेव नि बस."

मी पिशवी ठेवली आणि बसलो. मला खरोखर धक्का बसला होता. आमच्या घरातला मोठा माणूस मुलांशीसुद्धा खेळत नसे. हा म्हातारा एकटाच खेळत होता, आणि तोही इतक्या गंभीरपणे की हसण्याची सोय नव्हती. आतल्या खोलीतून चाची ओरडली, "पोराला तरी सोड! नातू झाले, तरी बाहुल्या सुटत नाहीत ह्याच्या."

"बाहुल्या नाय, रेजिमेंट हाय," चाचा म्हणाले, आणि आडवे पडलेले दोन शिपाई उचलून त्यांनी सिगारेटच्या डब्यात टाकले. तो डबा म्हणजे दवाखाना. मेलेले पुढच्या डावाला तिथून बरे होऊन येत.

हा खेळ त्यांना जहाजावरच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने शिकवला होता. चाचा त्याला मेटसाहेब म्हणत. लांबच्या सफरीत दोघे खेळत. लाल फौज चाचांची आणि निळी साहेबाची. महायुद्धात एका फेरीला चाचा तापाने आजारी पडून कराचीच्या इस्पितळात राहिले. त्यांची पेटी त्यांच्याबरोबर उतरवताना साहेबाने दोन्ही फौजा तिच्यात घातल्या आणि सांगितले, बरा होऊन ये, तोवर सांभाळ. ते जहाज परत आले नाही. चाचांनी हे मला एकदाच सांगितले आणि लगेच फासे टाकले.

खेळाच्या नियमांची एक इंग्रजी पुस्तिका होती. चाचांना इंग्रजी बोलता येई, पण छापलेले वाचताना डोळे दुखत. मला अक्षरे वाचता येत, अर्थ लागत नसे. म्हणून मी मोठ्याने वाचायचे आणि चाचांनी शिपाई हलवून दाखवायचे असे ठरले. 'अनलेस' ह्या शब्दाने मला शाळेत दोन वर्षे छळले होते. चाचांनी तोफेजवळचे चारही गोलंदाज उचलले आणि म्हणाले, "आता डाग बघू." गोलंदाज असल्याशिवाय तोफ डागता येत नाही. तो शब्द मग मी कधी विसरलो नाही. माझ्या घराण्यात कोणी मॅट्रिक, म्हणजे तेव्हाची अकरावी, झालेले नव्हते. माझे बाकीचे विषय बरे होते, मी बुडणार होतो तो इंग्रजीत. चाचांचे टेबल ही माझी एकच आशा होती, आणि ती गोष्ट आम्हा दोघांनाही माहीत होती.

रंगकाम त्यातूनच सुरू झाले. खाऱ्या हवेने शिपायांचे रंग उडाले होते, शिशावर पांढरी पूड धरली होती. चाचांनी मला शिकवले. आधी मऊ ब्रशाने पूड झाडायची. शिपायाचे पाय मेणाने दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर चिकटवायचे, म्हणजे बोट न लावता तो सगळीकडून फिरवता येतो. मग सगळीकडे पांढऱ्या रंगाचा हात, मग चेहरा, मग डगला, आणि पट्टे-बटणे शेवटी. माझ्या पहिल्या शिपायावर मी इतका जाड रंग थापला की त्याचे नाक नाहीसे झाले.

"ह्याला देवी आल्यात," चाचा म्हणाले. "पुसून काढ. रंग दुधासारखा नको, दूध धुतलेल्या पाण्यासारखा पायजे. दोनदा दे, तीनदा दे. जल्दी कोणाला हाय?"

आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. "डोळे काढू नको. हातभर लांबून बघितल्यावर शिपायाचा डोळा दिसत नाय. भुवईखाली नुसती सावली दे."

मी वर्षभर लाल फौज रंगवली. दहावीच्या श्रावणात चाचांनी निळी फौज माझ्या हवाली केली, चोवीस शिपाई, जुन्या फ्लॅनेलमध्ये एकेक वेगळा गुंडाळलेला. "ह्यांना मी ब्रश लावत नाय, हात थरथरतो," एवढेच म्हणाले. घरी नेताना मी पिशवी छातीशी धरली होती.

त्याच दिवसांत मी शाळा सुटल्यावर एका गणपतीच्या कारखान्यात जात असे. माझ्याकडे पितांबराचा पिवळा रंग होता. डोळ्यांची आखणी मात्र फक्त मालक करीत. ते खारीच्या केसांचा कुंचला घेऊन बसले की कारखाना गप्प होई. दोन रेषा आणि एक ठिपका, आणि मातीचा गोळा आपल्याकडे बघू लागे. मला ते करून बघायचेच होते. देवावर हात टाकण्याची हिंमत नव्हती. घरी चोवीस कोरे चेहरे होते.

मी डोळे काढले. चोवीस जणांचे, अठ्ठेचाळीस. मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान जागेत पांढरे, त्यात काळा ठिपका. चाचा बघतील तेव्हा आधी रागावतील आणि मग थक्क होतील असे मला वाटत होते. खरे सांगायचे तर ते शिपाईच थक्क झाल्यासारखे दिसत होते. सगळ्यांचे डोळे टक्क उघडे, जणू त्यांच्यासमोर काहीतरी भयंकर घडत आहे.

भाद्रपदातल्या दमट हवेत रंग वाळेना. घरात कोरडी ऊब एकाच जागी होती, गणपतीच्या मखरापाशी, समईच्या बाजूला. तिथे एका ताटलीत मी फौज मांडली. धाकटी भावंडे हात लावतील म्हणून सगळ्यांना दम दिला, "देवाचे शिपाई आहेत. कोणी शिवायचे नाही." आईनेसुद्धा ते ऐकले आणि मान डोलावली.

आमचा गणपती गौरीबरोबर जाई. त्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा आरती सुरू झाली होती. वडिलांनी मूर्ती डोक्यावर घेतली, आईने माझ्या हातात फडक्यात बांधलेले निर्माल्य दिले. बांधलेले गाठोडे जड लागले. नारळ असेल असे मनात आले आणि गेलेही, कारण पुढे ताशा वाजत होता आणि मी नाचत होतो.

तळ्याच्या पायऱ्यांवर मूर्ती बुडाली. मग मी गाठोडे पाण्यात सोडले. निर्माल्य तरंगते. फडके फुगते, झेंडू सुटतात, दूर्वा पसरतात. माझे गाठोडे दगडासारखे सरळ खाली गेले. वर दोन बुडबुडे आले.

मी तिथेच उभा राहिलो. "चल," वडील म्हणाले. पाण्याखाली काय गेले ते मला कळले होते, पण मनाने ते उचलून घेतले नव्हते.

घरी मखरापाशी ताटली होती. धुतलेली, पालथी घातलेली.

"आये, माझे शिपाई?"

"देवाबरोबर गेलं," आई म्हणाली. "तूच बोल्लास ना, देवाचं हान. नि डोलं काडलंस तू त्यांचं. डोलं काडल्याव घरान ठेवतान काय कोन? मी त्यांना हलद-कुंकू लावलं, दही-पोहं दाकवलं, मंगच बांदलं. काय चुकलं काय?"

काही चुकले नव्हते. तिने सगळे रीतीप्रमाणे केले होते. चुकलो होतो मी, दोनदा. डोळे काढू नको म्हटले असताना काढले, आणि देवाचे नसलेले देवाचे म्हटले. मी आईला म्हणालो, "नाय गो, बरे केलेस." त्या क्षणापासून मी खोटे बोलू लागलो.

दुसऱ्या दिवशी मी छातीभर पाण्यात जाऊन पायांनी तळ चाचपला. चिखल, करवंट्या, मूर्तींचे लाकडी पाट. एका म्हशीवाल्याने विचारले, "काय हरवला रं? अक्कल काय?" मी बाहेर आलो. मेटसाहेब पाण्यात गेले होते, आणि आता त्यांची फौजही मी स्वतःच्या हाताने पाण्यात सोडली होती. हे त्या म्हाताऱ्याला सांगायचे कसे? आणि सांगितल्यावर ते दार माझ्यासाठी उघडे राहील कसे?

रविवारी चाचांनी विचारले, "निळी फौज?"

"रंग वाळला नाही अजून."

"पावसाची हवा हाय," ते म्हणाले. "राहू दे."

दसऱ्याला विचारले. वाळला नाही. दिवाळीला विचारले. थंडी पडली होती, उघड्यावर टाकलेले पापड तासाभरात कडक होत होते. मी म्हणालो, "दुसरा हात दिलाय, तो वाळला नाही." चाचांनी माझ्याकडे बघितले आणि आत जाऊन मूठभर चिंचोके आणले. चोवीस मोजून टेकडीवर मांडले. "तोवर हे लढतील," म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. दीड वर्ष आम्ही लाल फौज विरुद्ध चिंचोके असे खेळलो. साहेबाची बाजू ते मलाच देत. मी नियम वाचत होतो, अर्थ सांगत होतो, आता तेच मला विचारीत आणि मी शिपाई हलवून दाखवत असे. प्रत्येक रविवारी दार उघडे असे. ते उघडे असणेच मला सर्वांत जास्त टोचत असे. मी कितीदा वाक्य जुळवून गेलो आणि चाची म्हणाली, "चहा घे रे, वाळलास किती," आणि मी चहा पिऊन फासे टाकले.

मी मॅट्रिक पास झालो. इंग्रजीत वर्गात दुसरा आलो. वडिलांनी गिरणीत पेढे वाटले. मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि जूनमध्ये मी ट्रंक घेऊन एसटी स्टँडवर उभा राहिलो. आई रडत होती, वडील कंडक्टरला उगीचच माझे गुण सांगत होते. तेवढ्यात चाचा आले. इतके चालत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. त्यांनी माझ्या हातात कागदाची एक पुडी ठेवली आणि मूठ मिटली.

"ह्याचा रंग वाळलाय," ते म्हणाले. "वरनं वार्निश दे."

गाडी सुटली. शिळफाट्याच्या आसपास मी पुडी उघडली. आत निळी फौज होती. म्हणजे तिच्यातला एक. बिगुलवाला. डगल्याच्या चुण्यांत तळ्याचा काळा गाळ सुकून बसला होता, बिगुल वाकला होता. डोळे मात्र शाबूत होते. मी काढलेले दोन्ही डोळे, टक्क उघडे, माझ्याकडे बघणारे.

मी पुडी मिटली आणि खिडकीबाहेर डोके काढले. शेजारच्या बाईने विचारले, "बाळा, गाडी लागते का?" त्या उन्हाळ्यात तळे आटले होते आणि गाळ काढून गाड्यांनी शेतांवर चालला होता. कोणालातरी सापडला असेल आणि मोहल्ल्यात शिशाचा शिपाई कोणाचा हे विचारावे लागत नाही. पण तो उन्हाळ्यात सापडला, तर चाचा दिवाळीपासून गप्प का होते? त्यांना सगळे केव्हापासून कळले होते? मी आजही ठामपणे सांगू शकत नाही.

वसतिगृहात पोचल्यावर ट्रंक न उघडताच मी पत्र लिहायला बसलो. तीनदा लिहिले. तिसरे पाठवले, आणि त्याची नक्कल माझ्याकडे आहे ती अशी:

तीर्थस्वरूप चाचा यांस,

कृतानेक सलाम. मी सुखरूप पोचलो. पुडी गाडीत उघडली.

बाकीचे तेवीस तळ्यात आहेत. मी स्वतः त्यांना पाण्यात सोडले, पण सोडताना मला माहीत नव्हते. आईने देवाचे समजून निर्माल्यात बांधले, कारण मी त्यांना देवाचे म्हणालो होतो आणि डोळे काढले होते. तुम्ही काढू नको म्हणाला होता. आईला ते तुमचे आहेत हे अजून माहीत नाही. कृपा करून तिला काही बोलू नका, ती जेवायची नाही.

त्या वेळी मी सांगितले असते तर कदाचित आपण तळ्यात शोधले असते. मी सांगितले नाही, कारण तुम्ही मला येऊ नको म्हणाल आणि मी इंग्रजीत नापास होईन अशी मला भीती वाटली. म्हणजे मी साहेबांची फौज देऊन माझे पास होणे विकत घेतले. हे लिहिताना मला फार लाज वाटते आहे.

तुम्हाला केव्हापासून ठाऊक होते ते मला विचारण्याचा हक्क नाही. तरी सांगितलेत तर बरे वाटेल. दिवाळीच्या सुट्टीत मी येईन. तुम्ही दार लावून घेतलेत तरी मी ओट्यावर बसेन.

बिगुलवाल्याचा गाळ ब्रशाने काढला आहे, बिगुल सरळ केला नाही, मोडेल अशी भीती वाटते. वॉर्निश अजून दिलेले नाही, कारण एकदा दिले की खालचे काही बदलता येत नाही. डोळे पुसून सावली द्यायची, की आहेत तसे राहू द्यायचे? तुम्ही लिहाल तसे करीन. तोवर तो माझ्या टेबलावर रिळावर उभा आहे.

चाचीस सलाम.

आपला आज्ञाधारक