दारावरचा कडुलिंब

मी डॉक्टर नव्हतो, देवी टोचणारा होतो. मॅट्रिक झालेला, खात्याने थोडंफार शिकवून खांद्याला पिशवी अडकवलेला. पण गावात पाऊल टाकलं की ओरड उठे, "देवीचा डाक्टर आला!" आणि आया पोरांना काखोटीला मारून माडांच्या वाडीत पसार होत. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. पुढे राग यायला लागला, आणि शेवटी शेवटी नुसता थकवा उरला.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. अलिबाग आणि मुरुडच्या मधल्या एका खाडीवरच्या कोळीवाड्यात देवीची साथ लागली आणि तिथेच जाऊन राहण्याचा मला हुकूम आला. फाल्गुनातलं ऊन, धड रस्ता नाही. लस उन्हाने मरते, म्हणून तिच्या काचेच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात घालायच्या आणि ते मडकं पोटाशी धरून चालायचं. आपण मेलो तरी चालेल, लस जगली पाहिजे, असा तो कारभार होता.

पहिले काही दिवस कोणी दंड पुढे केला नाही. मग एक कोळीण आपणहून आली. तिचा भाऊ लहानपणी देवीत आंधळा झाला होता, तेव्हा टोचण्याचं महत्त्व तिला सांगावं लागलं नाही. डोक्यावर मासळीची टोपली, कमरेवर आठ महिन्यांची मुलगी, आणि जीभ अशी की सगळा वाडा तिला वचकून असे. ती माझ्यापुढे चालू लागली आणि दारं उघडू लागली. मी तिला ताई म्हणे, ती मला डाक्टर. मी डॉक्टर नाही हे मी तिला दहादा सांगितलं. "टोचतोस नं? मंग डाक्टरच," म्हणून ती विषय संपवी.

"आधी हिला टोच," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. पोरीच्या अंगात कणकण होती. तापात टोचायचं नाही असा नियम होता, म्हणून मी थांबलो. दोन दिवसांनी तिने पुन्हा आठवण केली. पोर ठणठणीत होती. पण दिवसभर उन्हात फिरून मी थकलो होतो, आणि एका पोरीसाठी शेवटची नळी फोडली तर उरलेली लस फुकट जाणार होती. "उद्या टोचू," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी वरून नवीन हुकूम आला आणि तो उद्या राहूनच गेला. तिनेही पुन्हा विषय काढला नाही. डाक्टरच्या ध्यानात असेल, असं तिला वाटलं असावं.

हुकूम असा होता की आजारी माणसं हुडकून गावाबाहेर वेगळी ठेवायची. जागा कुठली, तर मिठागराच्या कडेचं रिकामं कोठार. भिंतींना पांढरं मीठ फुटलेलं, जमिनीत मीठ, हवेत मीठ. अंगभर फोड फुटलेल्या माणसाला मिठात नेऊन निजवायचं, हे कुठल्या शहाण्याला सुचलं देव जाणे. आणि हुकमाची अंमलबजावणी करणारा शहाणा मी.

आजारी कोण, हे कोणी सांगत नसे. पण सांगायची गरजही नव्हती. ज्या घरी देवी येत त्या घराच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा लागे. मग त्या घरात फोडणी नाही, मासळी नाही, मोठ्याने बोलणं नाही, आणि बाहेरच्या माणसाने उंबरा ओलांडायचा नाही. शेजारपाजारचे लोक भाकरी, पाणी, काय ते अंगणात ठेवून मागे फिरत. कडुलिंब दिसला की दिंडी असो, वरात असो, वाट वाकडी करून जाई. मी मात्र तो डहाळा बघून सरळ आत शिरायला लागलो. ही युक्ती माझीच. साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा मला बरंही वाटलं, खोटं का बोलू. एकेका डहाळ्यामागचं एकेक माणूस आम्ही डोलीत घालून कोठारात नेलं. रात्रंदिवस आत कण्हणं चाले.

आठवड्याभरात वाड्यातले डहाळे उतरू लागले. एके सकाळी मी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडलो तर एकाही दारावर कडुलिंब नव्हता. मी खूश झालो. साथ ओसरली, असं मी कागदावर लिहून वर कळवलं. ताईलाही आनंद झाला. "बरं झालं गो बाय," म्हणत तिने पोरीची दृष्ट काढली. वाडा इतका चिडीचूप का आहे, घरोघरी फोडणीचा वास का येत नाही, हे मला कळायला हवं होतं. इतके दिवस तेच तर बघत होतो.

त्याच दिवशी ती मासळीचा वाटा द्यायला आपल्या नणंदेच्या घरी गेली. दारावर काही नव्हतं. नेहमीसारखी टोपली डोक्यावर, पोर कमरेवर, ती थेट चुलीपर्यंत गेली, टोपली उतरवली, आणि तेव्हा तिला पडद्याआड निजलेलं नणंदेचं पोर दिसलं. तोंडावर फोडांना जागा उरली नव्हती. नणंद तिला दारात अडवू शकली नव्हती, कारण ताई माझ्याबरोबर हिंडणारी; तिला कळलं म्हणजे मला कळलं, आणि मला कळलं म्हणजे कोठार. ताईने टोपली उचलली आणि बाहेर आली. मला तेव्हा काही बोलली नाही; हे सगळं मला मागाहून कळलं. भाच्याला मिठात निजवायची तिची छाती नव्हती. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पंधरा दिवस उलटायच्या आत तिच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला. अख्ख्या वाड्यात तेवढा एकच. दुसऱ्या कोणाचं पोर चुकून आत येऊ नये म्हणून तिने तो लावला होता. मी अंगणात गेलो तेव्हा ती आतूनच म्हणाली, "कोठारात न्यायची असंल तं मला बी ने. एकटीला सोडनार न्हाय मी."

मी नेली नाही. वर कळवलंही नाही. नोकरीतलं हे माझं एकमेव धाडस, आणि तेही फार उशिरा सुचलेलं. रोज सकाळी अंगणात पाण्याची घागर ठेवायची, "कशी आहे?" विचारायचं आणि परतायचं, एवढंच करू शकत होतो. नवव्या दिवशी उत्तर आलं नाही. देवीच्या घरी मोठ्याने रडायचं नसतं, म्हणून कुणी रडलंही नाही.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. ती अंगणात पालथी टोपली समोर ठेवून बसली होती. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"डाक्टर, एक इचारू?" ती म्हणाली. "देवीच्या घरात मी मासळी नेली. तिला इटाळ झाला. म्हनून तिने माझी पोर नेली. व्हय ना? टोपली भायेर ठेवली असती तं वाचली असती ना माझी पोर?"

देवीचा कोप वगैरे काही नसतो, हे मी महिनाभर घसा कोरडा होईतो सांगत होतो. तेच तेव्हा सांगायला हवं होतं. ताई, तुझी मासळी नव्हे, माझा उद्या. ताई, दारादारावरचे डहाळे मी उतरायला लावले. दोनच वाक्यं होती. ती माझ्या तोंडापर्यंत आली आणि तिथेच राहिली. मी जमिनीकडे बघत म्हणालो, "देवीच्या मनात काय होतं ते आपण काय सांगणार, ताई."

तिने मान हलवली. मी म्हणालो म्हणजे तसंच असणार, अशी.

पुढे काही वर्षांनी त्या बाजूला गेलो तर ती डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बाजाराच्या वाटेने येताना दिसली. कोळीण असून तिने मासळी सोडली होती, विकायचीही आणि खायचीही. हे वाड्यातल्यांनी सांगितलं. तिने मला ओळखलं, मोळी तशीच तोलत थांबली, आणि बरा आहेस ना, जेवलास का, म्हणून विचारलं.