म्हस्के सरांची न जुळणारी माणसं

रंगनाथ म्हस्के गेल्याची बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. 'आमचा आधारवड कोसळला', खाली जोडलेल्या हातांची चित्रं. आणि पाठवणारे आमचे विभागप्रमुख. वर्षभरापूर्वी ज्यांनी सरांचा पासवर्ड काढून घेतला, तेच. फोन पालथा ठेवला. रडू आलं नाही.

सर फुलंब्रीच्या शेतकरी घरातले. आम्ही दोघं एकाच विभागात संगणक शिकवायचो. त्यांच्या थोरल्या बहिणीला, शांताअक्कांना, एक इंजेक्शन चालत नसे. तालुक्याच्या दवाखान्यात ते संगणकात नोंदवलेलं होतं, पण 'शेरा' या रकान्यात. शहरातल्या दवाखान्याच्या संगणकात तो रकानाच नव्हता. बाकी माहिती आली, शेरा तेवढा वाटेत गळला. अक्का जेमतेम वाचल्या. दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, दोन्ही मशीन शहाणे हायेत, पण एकमेकांशी बोलता येत नाय त्यांना. आणि आपण इथं बसून त्याच्यावर पेपर लिहितो!"

पेपर सगळेच लिहायचे. जो तो दोन दवाखान्यांतल्या नोंदी जुळवायची आपली पद्धत आपल्याच धुऊनपुसून घेतलेल्या माहितीवर तपासायचा आणि जमलं म्हणायचा. सरांना सगळ्या संशोधकांसाठी एकच ऑनलाइन चाचणी-मंच उभारायचा होता. कुणीही यावं, त्याच गबाळ्या नोंदींवर आपली पद्धत चालवावी, निकाल सगळ्यांना दिसावा. खऱ्या रुग्णांची माहिती उघडी करायची नाही, म्हणून त्यांनी रुग्णच मनानं घडवले. फुलंब्रीपासून पैठणपर्यंत दवाखान्यांतल्या कारकुनांशेजारी बसून चुका कशा होतात ते बघितलं... एकीकडे 'शेख', दुसरीकडे 'शेक'. कुठं जन्मतारीख, कुठं नुसतं 'अंदाजे साठ'. मंच सुरू झाला आणि दूरच्या विद्यापीठांतली मुलं त्यावर येऊन नापास व्हायला लागली. सर खूश!

मग प्रमुखांच्या मेहुण्याची सॉफ्टवेअर कंपनीही नापास झाली. तिनं दोन वेगळ्या बायकांना एकच ठरवलं, एकीचं औषध दुसरीच्या नावावर. प्रमुखांनी आम्हाला बोलावलं. "अवघड नोंदी तेवढ्या काढा हो म्हस्के. उगाच कुणाची बदनामी कशाला?"

"साहेब, अवघड नोंदी म्हणजेच तर माणसं हायेत," सर आवाज न चढवता म्हणाले. "ती काढली, तर तपासायचं काय?"

आठवड्याभरात समिती नेमली गेली. त्या नोंदी 'निकषबाह्य' ठरवणाऱ्या कागदावर तीन सह्या होत्या. एक माझी. माझ्या बढतीची फाईल त्याच टेबलावर पडून होती... याहून मोठं कारण नव्हतं. सरांनी कागद वाचला, माझ्या सहीवर थांबले आणि म्हणाले, "चहा घेता का, मॅडम?" मी तो घेतलाही. कंपनी पास झाली. सरांना पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं दिली, मंचाचा पासवर्ड काढून घेतला, तिकडं फिरकायची मनाई. गेल्या महिन्यात झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

शोकसभेत प्रमुख गहिवरून म्हणाले, "मंचाचं स्वप्न आम्ही दोघांनी मिळून पाहिलं." कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मला शिसारी आली. उठून माईक घेतला. "मंचावरच्या नोंदी एका कंपनीला पास करायला काढल्या. त्या कागदावर माझी सही आहे." पुढं बोलायच्या आत माईक बंद झाला. हे धाडस नव्हे. ऐकायला हवा होता तो माणूस गेल्यावर खरं बोलले मी. स्वतःची किळस त्यानं कमी झाली नाही.

नंतर पुंडलिकनगरला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी खोली उघडून दिली. टेबलावर शाळकरी वह्यांची चळत. घडवलेला प्रत्येक रुग्ण सरांनी आधी हातानं लिहून काढलेला. आम्ही काढून टाकलेलेही सगळे. ज्याची मुलं मंच वापरत, अशा एका दूरच्या विद्यापीठानं तो नव्यानं उभारायची तयारी दाखवली होती.

"वहिनी, वह्या नेऊ का?"

त्यांनी वह्यांच्या चळतीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "नाय. इथंच बसून लिहा. तुम्ही लोकं नेलेलं परत येत नाय."

आता कॉलेज सुटलं की रोज तिथं जाते. त्यांच्या खुर्चीत बसवत नाही, म्हणून स्टूल ओढून घेते आणि वहीतला एकेक माणूस पुन्हा लिहिते... चुकांसकट.