कमलाबाईंच्या टिपऱ्या

दिनांक २८ सप्टेंबर २०२५, रविवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. सेलू येथील लोककला महोत्सवात, गाण्याच्या स्पर्धेच्या मंचावर आंजी (मोठी) येथील कमलाबाई, वय बासष्ट, यांच्या टिपऱ्या काढून घेऊन त्यांना माइकसमोर एका जागी उभे करण्यात आले व नंतर ‘बाद’ ठरवण्यात आले. आयोजकांच्या वहीत ‘बाद’ एवढाच शेरा आहे; बाकीची नोंद त्यांनी ठेवलेली नाही, म्हणून ती येथे ठेवावी लागत आहे.

कमलाबाईंचा मळा वांगी-मेथीचा. दिवस निंदणात आणि बाजारात जातो. पण भादव्याच्या पुनवेला भुलाबाईची मातीची मूर्ती बसली की कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी गावच्या पोरी त्यांच्याच अंगणात. टिपऱ्यांच्या तालावर फेर, फेरासोबत गाणी, शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. चाळीस वर्षांत त्यांनी एकही गाणे कागदावर उतरवले नाही. गरजच पडली नाही. पाय फिरू लागले की पुढची ओळ आपोआप तोंडात येई.

मंचामागच्या फलकावर ठळक अक्षरांत ‘म्युझिक’. आयोजक भैय्याजींनी टिपऱ्यांकडे बोट केले.

“काकू, फेर धराचा असन तं डान्समध्ये नाव द्या. इथं उभं राहून फक्त गाणं.”

“मंग हाताचं काय करू?”

“जोडा न हात! पंच खूश होतीन.”

कमलाबाईंची सून ज्योत्स्ना इंग्रजीची एम.ए. तिला राहवले नाही. “भैय्याजी, जो शब्द फलकावर लावला, तो कुठून आला ते तरी पाहा. ग्रीकांच्या नऊ देवी होत्या, त्यांच्या नावावरूनच ‘म्युझिक’ आलं, त्यांची विद्या ती. त्यात गाणं होतं, काव्य होतं, नाच होता. एक देवी तर इतिहासाची, एक ताऱ्यांची. आपल्या जुन्या शास्त्रातही गाणं, वाजवणं आणि नाचणं मिळूनच संगीत. तुम्ही त्यातले पाय काऊन कापून राह्यले?”

“मॅडम, देवी ग्रीसच्या, नियम सेलूचे. टाइम खाऊ नका.”

ग्रीस कुठे आहे हे कमलाबाईंना ठाऊक नव्हते. देवींचे गाणे आणि नाच तिकडेही एकत्रच, एवढे मात्र त्यांना पुरते पटले. पण टिपऱ्या तोवर भैय्याजींच्या टेबलावर गेल्या होत्या.

पहिली ओळ आली. दुसरी आली नाही. त्यांचा उजवा पाय नकळत उचलला गेला, तोच पंच ओरडले, “काकू, हलू नका!” पाय खाली आला आणि गाणे संपले. मंडप हसला. भैय्याजी सुरू असलेल्या माइकवर म्हणाले, “बाईले गाणंच येत नाई.”

चाळीस वर्षांच्या गाण्यावर हा निकाल देणाऱ्याने त्यांच्या अंगणात एकदाही पाऊल टाकलेले नाही.

सहा ऑक्टोबरला कोजागरी होती. शेजारची खुशी पोरी घेऊन दारात आली. “आजी, चाल न, फेर धरू.”

“मले गाणं येत नाई, माय. त्याईनं माइकवर सांगतलं न.”

त्यांनी दार लावून घेतले. पोरींनी मोबाइलवर गाणी लावली आणि लवकर घरी गेल्या. पन्नासाहून अधिक गाणी त्या एका बाईपाशी आहेत. ती दुसऱ्या कुणाला पूर्ण येत नाहीत.

टिपऱ्या आजही आयोजकांच्या कपाटात आहेत. वाचकहो, तुमच्यातले कितीतरी जण त्या मंडपात हसत होते. आयोजकांना आजच लेखी कळवा : भैय्याजींनी स्वतः आंजीला जाऊन टिपऱ्या परत कराव्यात, ‘बाद’ हा शेरा खोडावा आणि पुढील महोत्सवात कमलाबाईंना फेर धरून गाऊ द्यावे.