रताळ्याच्या वेलाखाली

कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या सकाळी दोन निरोप आले. पाण्याचा टँकर अकराला येईल. आणि राव सार गेले. टँकरला अंगठे जास्त मिळाले.

राव सार म्हणजे रघुनाथराव, तंजावरकडचे मराठी. रेल्वेतून निवृत्त होऊन ते तांबरमच्या पुढे आमच्या कॉलनीत एकटेच राहायला आले. मी साताऱ्याची, इथल्या शाळेत आयुष्य गेलेली. आमची ओळख झाली कॉलनीमागच्या पडीक तुकड्यावर. तिथं दोघांनीही भाजीचे वाफे केले होते. जागा कागदोपत्री कॉलनीची, ताबा लव्हाळ्याचा. पहिल्या वर्षी मी कांदा लावला आणि रोज सकाळी बसून लव्हाळा उपटला. पंधरा दिवसांत तो दुप्पट झाला. रघुनाथराव कुंपणाशी उभे राहून बघत होते.

"बाई, तुम्ही असकं उपटतांत. त्याला बरं वाटतं." सगळ्याला ते 'असकं' म्हणत.

"मग काय ओवाळू त्याला?"

"ओवाळू नका. झाका. खाली गाठींची माळ आहे. एक तोडलांत की चार जाग्या होतात."

कांद्याची पात म्हणजे कापड नसलेली छत्री, असं त्यांचं मत. ऊन सरळ जमिनीवर पडतं आणि लव्हाळ्याचं फावतं. त्यांनी आधी चवळी दाट पेरली, ती फुलावर आली तेव्हा कापून तिथंच अंथरली, आणि पाऊस लागताच रताळ्याचे वेल लावले. पान पानाला भिडलं पाहिजे, एवढी एकच अट. सावलीत लव्हाळा कोंब काढतो, तो पिवळा पडतो, मग पुन्हा काढतो... "मरत नाही तो," ते म्हणायचे, "दमतो. आपण आधी दमायचं नाही, इतकंच." रोज सकाळी ते खुरप्याच्या टोकानं एक पान उचलून खाली बघत आणि हलकेच पुन्हा ठेवून देत. तीन पावसाळे हे चाललं. तिसऱ्या वर्षी पानाखाली उघडी, काळी, गार माती दिसू लागली. त्यावर त्यांनी भाषण केलं नाही. मला एक रताळं दिलं.

इस्पितळात शेवटची भेट झाली तेव्हा त्यांनी तब्येतीबद्दल काही बोलू दिलं नाही. "वेलाखाली बघितलंत?"

"बघितलं. स्वच्छ आहे."

"अजून एक पावसाळा. कोणाला उघडू देऊ नका. सरि?"

सरि, म्हणजे ठीक आहे, मी म्हटलं.

तेराव्यानंतर सेक्रेटरींचा फोन आला. राव सारांच्या नावाचा फलक लावायचा आहे, नगरसेवक येणार आहेत. "मॅडम, गार्डन जरा क्लीन करून घेऊ?" मी त्या वेळी श्रद्धांजलीचं भाषण लिहीत होते आणि एका विशेषणापाशी अडले होते. प्लास्टिकच्या पिशव्या वगैरे उचलतील असं वाटलं. करा, म्हटलं.

संध्याकाळी खाली गेले. वेल मुळासकट उपटून भिंतीशी ढीग केला होता, आणि माती शोभेसाठी फावड्यानं खणून सारखी केली होती. गाठींच्या माळा तुटून इतस्ततः पसरल्या होत्या. "असकं क्लीन," कॉलनीतले पहिल्या मजल्यावरचे मुरुगन मला म्हणाले. रघुनाथरावांकडून ते एवढा एकच मराठी शब्द शिकले होते. समारंभ उत्तम झाला. शाल कोणाला द्यावी हा प्रश्न पडला, तेव्हा ती फलकाला घातली. माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या. विशेषण सापडलं होतं.

आता पाच आठवडे झाले. फलकाच्या दोन्ही खांबांभोवती लव्हाळा हिरवागार आहे, आणि वाफ्यात तर पाऊल ठेवायला जागा नाही. ढिगातले वेल सुकून गेले होते. तरी दोन तुकडे लावून पाहिले, तेही गेले. नवे आणून लावले तर पुन्हा तीन पावसाळे... आणि माझे गुडघे एका पावसाळ्याचीही हमी देत नाहीत. समितीनं सिमेंटच्या लाद्या घालायचं ठरवलंय. मी विरोध केला नाही. तोंड कुठं होतं?

त्यांचं खुरपं माझ्याकडे आहे. सकाळी ते घेऊन मी अजून खाली जाते. वाफ्याशी वाकते, आणि हात सवयीनं पान उचलायला पुढे होतो. तिथं पान नसतं.