वेचून नेलेली नोंद

कीबोर्डवरून दोन्ही हात उचलायचे, मांडीवर ठेवायचे आणि मान वळवून म्हणायचे, "इचारलं काय?" घाटंजीच्या आमच्या वाचनालयात संगणकावर नोंदी करणाऱ्या भाऊंची ही सवय. मी शेजारच्या टेबलावर जुन्या कॅसेटी संगणकात उतरवायची. कुणाचा आवाज, कुठलं गाव, असं सांगू लागले की यांचे हात मांडीवर! ज्याचा आवाज त्याला विचारल्याशिवाय नोंद करायची नाही, असा त्यांचा नेम.

"म्हातारी वारली न भाऊ, कोनाले इचारू?" मी करवादायची.

"लेकीले इचारा. सुनेले इचारा."

आणि खरंच स्कूटर काढून त्या गावाला जाऊन यायचे. तोवर काम ठप्प. तुम्ही असता तर तुम्हीही वैतागला असता.

कापसाचे ते वाईट दिवस होते, गावोगावी शेतकरी जीव देत होते. बाहेरचे लोक गाड्या भरून यायचे, घराघरांतलं रडणं टिपून घेऊन जायचे. भाऊंना त्याचा भारी संताप. "आपन गानी घेऊ," म्हणायचे. म्हणून त्यांनी कापूस वेचताना बाया म्हणतात ती गाणी जमवली. गाणं, गाणारीचं नाव, गाव, विषय अशा आमच्या नोंदी मोठमोठ्या ग्रंथालयांचे संगणक दर आठवड्याला आपोआप घेऊन जात. भाऊ त्यालाही वेचणीच म्हणायचे. घाटंजीची बाई दिल्लीच्या यादीत सापडते, याचं त्यांना काय कौतुक!

एक दिवस शिवणकाम करणारी एक बाई आली. सगळ्यांत गोड गाणी तिचीच. उभ्यानंच बोलली.

"भाऊ, गानं मी देल्लं. माह्या नावाखाली 'आत्महत्याग्रस्त कुटुंब' कायले लिहलं? पोरीले पाहून गेलेल्या पाव्हन्यायनं मोबाईलवर पाह्यलं. आता ते नाही म्हनून राह्यले."

भाऊंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. तो शब्द विषयाच्या रकान्यात त्यांनीच टाकला होता. असे शब्द असले की नोंद लवकर सापडते, म्हणून.

"गान्याचं इचारलं, नावाचं इचारलं," ते पुटपुटले. "याचं नाही इचारलं."

तिच्यादेखत त्यांनी अख्खी नोंद पुसून टाकली. "गेलं, माय."

कुठलं गेलं! पुढच्या आठवड्यात पाहिलं तर दिल्लीच्या यादीत जसंच्या तसं. बाहेरचे संगणक नवी नोंद नेतात, बदललेली नेतात. आपल्याकडून नाहीशी झालेली त्यांना कळतच नाही. नोंद जागेवर ठेवून तिच्यावर 'मागे घेतली' अशी खूण करायला हवी होती. म्हणजे पुसलेलं आधी परत आणा! भाऊंनी ते सगळं पुन्हा टाइप केलं. खूण केली, दिल्लीतून नोंद निघाली. पण दिल्लीहून ती दुसऱ्यांनी नेली होती, त्यांच्याकडून तिसऱ्यांनी. भाऊ फोन करत राहिले. कुणी हो म्हणायचं, कुणी उद्या, कुणी "आपण कोण?" तेवढ्यात सोयरीक मोडायची ती मोडलीच.

पुढे त्या पोरीचं लग्न नेर गावात झालं. बाई स्वतः बोलवायला आली, तरी भाऊ गेले नाहीत. "कोन्या तोंडानं जाऊ?" मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

निवृत्त झाल्यावरही येऊन बसायचे ते फोन करायलाच. एकेक करत सगळीकडची नोंद निघाली. एका ठिकाणची तेवढी उरली, आणि भाऊच गेले.

महिन्याभरानं बाई आली. मी म्हटलं, "बसा. भाऊंचं एवढंच राह्यलं. तुमच्यासमोर फोन लावते." तिनं वाकून पडद्यावर पाहिलं. तिचं नाव, खाली तो शब्द, आणि त्याच्याखाली संकलक म्हणून भाऊंचं नाव.

"हे भाऊचं नाव हाय न?" तिनं पडद्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "राहू द्या, ताई. पोरगी नांदून राह्यली, आता काय होते? माह्या गान्याखालून त्यायले कायले काढता?"

मला रडू आवरेना. मी फोन खाली ठेवला.

बाईला विचारून झालं होतं. त्या शब्दाखाली नाव राहू द्यायचं का, हे भाऊंना विचारायचं राहून गेलं.